दुःखातल्या माणसानं सेवेला कसं लागावं

माझी बायको २०१९ च्या जूनमध्ये ख्रिस्तवासी झाली. पाचव्या दिवशी चर्चच्या मंडळीतले एक गृहस्थ घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "भाऊ, स्वतःला सेवेत गुंतवून घ्या. सगळं विसराल." हेतू चांगलाच होता. मी ऐकलं, गुंतवून घेतलं, आणि वर्षाच्या आत असा आपटलो की दोन महिने देवळाची पायरी चढलो नाही. पुढं याच सेवेनं मला उभं केलं. औषध तेच होतं, अनुपान चुकलं होतं.

कुणी सोबत असतं तर जे मला आधी सांगितलं असतं, ते इथं लिहितो आहे. सोलापूरच्या रेल्वे ऑफिसात बत्तीस वर्षं कारकुनी केली, म्हणून लेख थोडा फॉर्म भरायच्या सूचनांसारखा वाटेल. आधी हे, मग ते. क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो माझा नाही.

प्रभूनं स्वतः काय केलं

मत्तयाचा चौदावा अध्याय काढा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद झाला. शिष्यांनी प्रेत नेऊन पुरलं आणि येऊन येशूला सांगितलं. ते ऐकून तो मचव्यात बसून एकांत जागी निघाला. लोकांना कळलं, ते पायीपायी मागं गेले. किनाऱ्यावर उतरतो तर ही गर्दी. त्याला त्यांचा कळवळा आला. आजारी होते त्यांना बरं केलं, संध्याकाळी पाच भाकरी आणि दोन माशांवर पाच हजारांची पंगत उठवली. मग लोकांना निरोप दिला आणि तो एकटाच डोंगरावर प्रार्थनेला गेला.

आपण उपदेश ऐकतो तो नेहमी मधल्या भाकरी-माशांवरचा. आधीचा मचवा आणि नंतरचा डोंगर दोन्ही सुटतात. एकांत, सेवा, पुन्हा एकांत, असा तो क्रम आहे. यात आणखी एक गोष्ट बघा. पहिला एकांत त्याला पुरता मिळालाच नाही, गर्दी आडवी आली. म्हणजे "मी पूर्ण बरा होईन, मगच दुसऱ्याकडं बघेन" हा हट्टही इथं टिकत नाही. पण मचव्यात बसण्याची इच्छा धरली म्हणून कुणी त्याला स्वार्थी म्हटलेलं नाही.

पहिली पायरी: झोप आणि भाकरी

एलीया संदेष्ट्याला मरावंसं वाटत होतं. रतामाच्या झुडपाखाली बसून त्यानं देवाकडं मरण मागितलं (१ राजे १९). देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवला आणि म्हणाला, ऊठ, खा. तो खाऊन पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. पुढं होरेब डोंगरावर देवानं विचारलं, तू इथं काय करतोस? एलीयानं मनातली सगळी मळमळ ओकली, दोनदा, त्याच शब्दांत. त्यानंतर त्याला काम मिळालं, आणि कामासोबत अलीशा नावाचा जोडीदारही.

म्हणून घरात मरण झालं असेल, लग्न मोडलं असेल, नोकरी गेली असेल, तर पहिले दोन-तीन महिने कुठलीही जबाबदारी अंगावर घेऊ नका. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, विचारलं तर सांगा, नाताळनंतर बघू. दोन वेळ जेवा, रात्री झोपायचा प्रयत्न करा, उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसा. गाणं म्हणवलं नाही तर ऐका. लोकांनी आणलेला डबा घ्या.

इथंच एक तपासणी करायची आहे आणि ती टाळायची नाही. सलग दोन आठवडे झोप उडाली आहे किंवा दिवसभर अंथरुण सुटत नाही, जेवण नकोसं झालंय, कशातच जीव रमत नाही, आपण नसलेलंच बरं असे विचार येतात, असं असेल तर हा आजार असू शकतो. त्यावर डॉक्टर आहेत. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचा विचार पक्का होत असेल तर वाट बघू नका. घरच्या माणसाला आत्ता सांगा, एकटं राहू नका, ११२ ला फोन करा. आपल्याकडं काही जण म्हणतात, गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडला. प्रेषित पौलानं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं, तेव्हा तीमथ्याचा विश्वास कमी पडला नव्हता.

दुसरी पायरी: जखम कुठली ते लिहून काढा

शंभर पानी वही घ्या. "मला दुःख झालंय" एवढं लिहून भागत नाही. शोक वेगळा, अपराधीपणा वेगळा, राग वेगळा, लाज वेगळी. सेवा निवडताना हा फरक फार उपयोगी पडतो.

अपराधीपणा असेल तर जास्त सांभाळा. "मी वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर" हे ज्याच्या मनात सलतंय तो माणूस नकळत स्वतःला शिक्षा होईल असंच काम शोधतो. रात्रीची जागरणं, ओझी, उपास. मी तेच केलं. आपल्या विश्वासात प्रायश्चित्त वधस्तंभावर पुरं झालं आहे असं आपण दर रविवारी म्हणतो, आणि सोमवारी स्वतःची उरलेली रक्कम फेडायला निघतो. अपराधीपणा आधी पाळकांशी किंवा विश्वासू माणसाशी बोलून मोकळा करा. तो सेवेत मिसळला की ज्याची सेवा करतोय त्याच्या मानेवरही बसतो.

मंडळीतच कुणी दुखावलं असेल, आणि हे घडतं, तर पहिली सेवा मंडळीच्या बाहेर करा. मूल गेलं असेल तर लगेच संडे स्कूलला उभं राहू नका. आयसीयूबाहेर आठवडे काढले असतील तर वर्षभर दवाखान्याचं काम नको, तो फिनेलचा वास पुरेसा आहे. दारू नुकतीच सुटली असेल तर जुन्या मित्राला सोडवायला एकट्यानं त्याच्या अड्ड्यावर जाऊ नका.

दारूवरून एक गोष्ट. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता. दारू सोडून जेमतेम पाच-सहा महिने झालेले, धंद्याचं काम फसलेलं, आणि शेजारच्या बारमधून आवाज येतोय. त्यानं चर्चच्या यादीतून नंबर काढून पाळकांना फोन लावले आणि विचारलं, गावात कुणी दारुडा आहे का ज्याच्याशी मला बोलता येईल? त्यातून डॉक्टर बॉब भेटले आणि पुढं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे दारू सोडणाऱ्यांचं मंडळ उभं राहिलं. दुसऱ्याला वाचवायला तो निघालाच नव्हता. स्वतः न बुडण्यासाठी त्याला दुसरा बुडणारा हवा होता. अमेरिकी अभ्यासक फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली हीच गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली, की मदत करणाऱ्यालाच पुष्कळदा जास्त फायदा होतो. पौलानं करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच वेगळ्या अंगानं लिहून ठेवलंय: देव आमचं सांत्वन करतो, त्याच सांत्वनानं आम्ही दुसऱ्याचं करावं. म्हणजे आधी ते मिळालेलं असायला हवं. रिकाम्या घागरीतून ओतायला गेलं की खडखडाटच ऐकू येतो.

पंडिता रमाबाई बघा. दुष्काळात आई-वडील गेले, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन निघालं ते १८८९ साली. मधली वर्षं शिकण्यात, प्रवासात, विश्वासाशी झगडण्यात गेली. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायकांना घेऊन आली ती बाई स्वतः उपाशी हिंडलेली होती. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागं पडलं की केडगाव स्टेशन येतं, रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. मी रेल्वेच्या पासावर तिथून शेकडो वेळा गेलो, पण खिडकीतून नीट पाहिलं ते बायको गेल्यावरच.

तिसरी पायरी: काम निवडणं

माझ्या कसोट्या अशा. काम लहान हवं. वार आणि वेळ ठरलेली हवी. हाताला काही करायला हवं, नुसतं बोलणं नको. सोबत एक माणूस हवा. आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकावासा वाटत असेल तर ते काम सध्या नको. आठवड्यातून दोन तास, तीन महिने. एवढंच कबूल करा. "देवाला सगळं दिलंय" म्हणणारी माणसं मंडळीत पटकन सापडतात, दोन तास वर्षभर टिकवणारे कमी.

यापोची टबीथा, म्हणजे दुर्कस, मेली तेव्हा विधवांनी रडत पेत्राला काय दाखवलं? तिनं शिवलेले अंगरखे आणि झगे (प्रेषितांची कृत्ये ९). तिचं एकही वाक्य शास्त्रात नोंदलेलं नाही, कपडे मात्र आहेत. चादरी-टॉवेलच्या आपल्या गावाला ही बाई लवकर समजावी.

सोलापुरात दोन तासांत काय करता येईल? सिव्हिलमध्ये धाराशिव, लातूर, विजापूर, कलबुर्गीकडचे पेशंट येतात. त्यांचे नातेवाईक व्हरांड्यात, झाडाखाली चटई टाकून राहतात. त्यांना गरम पाणी, कडक भाकरी, शेंगाचटणी मिळाली तरी मोठी गोष्ट. कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, दही किंवा आमटीत चुरली की जेवण झालं. द्यायची ती नातेवाइकाला. पेशंटच्या तोंडात डॉक्टरांना न विचारता काही घालायचं नाही. परस्पर आत शिरू नका. दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना आधी भेटा, ते सांगतील कुठं गरज आहे.

विडी कामगारांच्या वस्तीत मुलांचा अभ्यास घेता येतो. आई सुपात तेंदूपत्ता घेऊन हजार विड्यांचा हिशेब पुरा करत असते, पोराला पाढे विचारायला घरात कुणी मोकळं नसतं. पण मुलांसोबत काम करताना नियम पक्का ठेवा. दार उघडं, दोन मोठी माणसं हजर, एकट्या मुलाला घरी बोलवायचं नाही, फोटो नाही.

उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो तेव्हा पाणपोई हवी, मात्र उद्घाटनाचा नारळ फुटल्यावर तिसऱ्या दिवशी माठ कोण भरणार हे आधी ठरवा. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा साठवणीची टाकी कुणाच्या घरी हेसुद्धा. रक्तदान करायचं असेल तर पुरुषांनी नव्वद दिवसांनी, बायकांनी एकशेवीस दिवसांनी, वजन पंचेचाळीस किलोच्या वर. बोलायची इच्छा नसलेल्या माणसाला ही फार सोयीची सेवा आहे.

आणखी एक काम कुणी सुचवत नाही. कबरस्तानात ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला गेली अशांच्या कबरींवर गवत माजलेलं असतं. पुनरुत्थानाच्या सणाआधी, म्हणजे ईस्टरआधी, चार शनिवार खुरपं घेऊन जा. तिथं कुणी आभार मानत नाही आणि कुणी काही विचारतही नाही. शोकातल्या माणसाला सुरुवातीला हे फार मानवतं.

चौथी पायरी: पहिला दिवस

जाण्याआधी पोटभर जेवा. प्रार्थना छोटी करा. खिशात मोजके पैसे ठेवा, उसने कुणाला द्यायचे नाहीत, द्यायचे तर दिले म्हणायचं. किती ते घरून ठरवून निघा.

व्हरांड्यात बसलेल्या माणसासमोर उभं राहून बोलू नका. त्याच्या शेजारी खाली बसा, चटईच्या कडेला, चप्पल बाहेर काढून. पहिला प्रश्न "कसं वाटतंय?" हा नको. त्याचं उत्तर द्यायला ताकद लागते. "पाणी पाहिजे का?" असं विचारा. आपल्या गावात हा प्रश्न तीन-चार भाषांत यायला हवा. तेलुगूत "नीळ्ळु कावाला?", कानडीत "नीरु बेकेन्री?" जेवण झालं का विचारायचं तर कानडीत "ऊटा आय्तेन्री?" उच्चार चुकले तर म्हातारी हसते. ते हसणं त्या दिवसातलं पहिलं असू शकतं.

मग गप्प बसा. शास्त्रातल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांनी अगदी बरोबर केलं. तोंड उघडलं तिथून बिघडत गेलं.

काय म्हणायचं नाही याची यादी माझ्या वहीत आहे. "देवाची इच्छा." "देवाला आवडली म्हणून नेली." "निदान हाल तरी संपले." "तुम्ही धीर सोडलात तर मुलांनी कुणाकडं बघायचं?" ही सगळी वाक्यं मला ऐकवली गेली आहेत, आणि लाज वाटते, पण यातली दोन मीही पूर्वी दुसऱ्यांना ऐकवली होती. काय म्हणता येतं? "मी शुक्रवारी पुन्हा येतो." आणि शुक्रवारी यायचं.

आपली कहाणी सांगायची घाई करू नका. तुमचं ओळखलं तर समोरचा विचारेलच. मग दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. दोन वाक्यांची वीस झाली की तो तुमचं सांत्वन करायला लागतो, आणि त्याचा पेशंट आत पडलेला असतो.

प्रार्थनेबद्दल. त्यांनी मागितली तरच, त्यांच्या धर्माचा मान ठेवून, हळू आवाजात, एक मिनिट. पत्रकं वाटायची नाहीत. भाकरीच्या पिशवीत तर मुळीच घालायची नाहीत. ज्याचं माणूस मरणाच्या दारात आहे त्याला नाही म्हणायची सोय नसते, आणि नाही म्हणता येत नाही अशा माणसाला काही पटवू नये. कुणी विचारलं, तुम्ही हे का करता, तर खरं ते सांगा. मी लपवत नाही.

कागदांची सेवा

आता माझं काम. बायको गेल्यावर पेन्शनच्या कागदांतून तिचं नाव काढायला अर्ज द्यावा लागला. कुटुंबाच्या रकान्यात तिचं नाव, जन्मतारीख, माझ्याच अक्षरात. आयुष्यभर दुसऱ्यांचे असे अर्ज मी टेबलावर घेतले होते, "इथं सही करा" म्हणत होतो. त्या दिवशी सही करायला मला वीस मिनिटं लागली.

त्यातून सुचलं ते हे: विधवांचे आणि म्हाताऱ्यांचे फॉर्म भरून देणं. गिरण्या बंद पडल्या, त्यांतले म्हातारे कामगार, विडी वळून पीएफची छोटी पेन्शन मिळणाऱ्या बायका, संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे लाभार्थी, सगळ्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. सरकारी पेन्शनरांचा नोव्हेंबरात असतो. पीएफच्या पेन्शनचा कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. हे कुणी सांगत नाही, म्हणून नोव्हेंबरात सगळी गर्दी बँकेत.

जन्मभर विड्या वळलेल्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर अंगठा उठत नाही. ऑपरेटर म्हणतो, पुन्हा लावा, पुन्हा लावा, आणि बाईला वाटतं आपलंच काही चुकलं. २०२१ पासून जीवन प्रमाणमध्ये, म्हणजे हयातीच्या दाखल्याच्या सरकारी ऑनलाइन सेवेत, चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली आहे, मोबाइलवर होते. चेहऱ्यावर नीट उजेड पडला पाहिजे, चष्मा काढायला सांगा, डोळे मिचकावायला सांगा. हे जमलं की त्या बाईचा चेहरा बघण्यासारखा होतो.

हे काम करणार असाल तर पाळायचंच पाळायचं: कुणाचा पिन विचारायचा नाही, ओटीपी त्यांच्याच समोर, पासबुक किंवा आधार एक रात्रही घरी ठेवायचं नाही, झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आडवं लिहायचं. पैसा घ्यायचा नाही, चहाचासुद्धा.

तुमची विद्या वेगळी असेल. शिलाई, सायकल दुरुस्ती, पेटी वाजवणं, इंजेक्शन देणं. जे काम हात डोळे मिटून करू शकतात तेच आधी निवडा. नवीन शिकायला मन लागतं, आणि ते सध्या जाग्यावर नसतं.

पाचवी पायरी: परत येणं

येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमा बांधल्या, खानावळीत नेलं, रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दोन दिनार खानावळवाल्याच्या हातावर ठेवले, आणखी लागले तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला. त्यानं जखमी माणसाला घरी नेलं नाही, प्रवासही मोडला नाही. पुढचं काम दुसऱ्याकडं सोपवलं. लूकच्या दहाव्या अध्यायातलं ते पस्तिसावं वचन सेवा करणाऱ्यानं पाठच करावं.

घरी आल्यावर अंघोळ करा. मग वहीत तीन ओळी: कुणाला भेटलो, माझ्या आत काय हललं, काय देवाच्या हवाली करतोय. नावं लिहून, एकेक घेऊन, प्रार्थनेत सोडा. दहा मिनिटं पुरतात. रडू आलं तर ते त्यांचं की आपलं हे शोधत बसू नका.

सोबतीचा माणूस इथं लागतो. प्रभूनं शिष्यांना दोघं दोघं करून धाडलं. सोबती निवडताना तुमच्यापेक्षा कमी बोलणारा आणि तुम्हाला खरं सुनावणारा बघा. महिन्यातून एकदा चहाला बसून त्यानं एवढंच विचारायचं: झोप कशी आहे, घरच्यांशी बोलणं कसं आहे, कुणावर चिडलात?

पळ काढतोय हे कसं ओळखायचं

मी पहिल्या वर्षी आठवड्याचे सातही दिवस बाहेर होतो. सकाळी बँक, दुपारी तहसील, संध्याकाळी सभा. लोक म्हणत, भाऊंचा विश्वास बघा. एके दिवशी एक विधवा बाई तिसऱ्यांदा झेरॉक्स विसरून आली आणि मी तिच्यावर चारचौघांत ओरडलो. ती काही बोलली नाही, पिशवी उचलून गेली. महिला मंडळातल्या एक आक्का शेजारी होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, घरात बसायला भीती वाटते का हो तुम्हाला?"

वाटत होती की. तिन्हीसांजेला स्वयंपाकघरात दिवा लावायला नको म्हणून मी उशिरा घरी जात होतो.

तर खुणा या. आभार मानले नाहीत की राग येतो. एक दिवस सुट्टी घेतली की जीव घाबरतो. आपल्यावाचून अडेल असं वाटतं. मरीया बसलीय आणि मीच राबतेय, ही मार्थेची तक्रार मनात घोळते. आणि सगळ्यात मोठी खूण घरात असते. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव खरा उपास सांगतो: भुकेल्याला भाकरी, निराश्रिताला घर, उघड्याला वस्त्र, आणि शेवटी, आपल्या रक्ताच्या माणसाला तोंड लपवू नकोस. मग पुढच्याच वचनात, तुझी जखम लवकर भरेल. मी पहिली तिन्ही करत होतो. पुण्याहून मुलगा फोन करायचा तेव्हा मी "कामात आहे" म्हणून कट करत होतो. त्याची आई गेली होती हे माझ्या लक्षातच नव्हतं.

असं झालं तर काम एकदम सोडू नका, अर्ध्यावर आणा. दोन आठवडे काहीच नको. त्या मोकळ्या संध्याकाळी घरीच बसा, दिवा लावा. मी त्या बाईच्या घरी जाऊन माफी मागितली. ते काम सगळ्यांत अवघड गेलं, आणि तिथून माझं जरा सुधारलं.

तीन महिन्यांनी

वहीतलं पहिलं पान आणि आजचं पान शेजारी ठेवून वाचा. दुःख संपलं का हे बघू नका, ते संपत नाही. झोप, भूक, गेलेल्या माणसाचं नाव तोंडातून सरळ निघतं का, दुसऱ्याचं ऐकताना आपलं मध्ये येतं का, एवढं बघा. जमत असेल तर आणखी तीन महिने. जमत नसेल तर काम बदला. काहीच हलत नसेल तर पहिल्या पायरीवर परत, डॉक्टरकडं.

एक गोष्ट तपासायची राहते. घेता येतं का? पेत्रानं पाय धुऊन घ्यायला नकार दिला तेव्हा येशूनं त्याला साफ सांगितलं, मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही. आषाढीला पालख्या आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जातात तेव्हा वाटेत लोक वारकऱ्यांचे पाय चेपतात, तेल चोळतात. दमलेला वारकरी पाय पुढं करतो, संकोच करत नाही. ते मला वर्षानुवर्षं जमलं नव्हतं. चहा नको, पैसे नको, उपकार नको. हा नियम पैशापुरता ठीक आहे. पण मी तो सगळ्यालाच लावला होता.

गेल्या नोव्हेंबरात एका आजीचा दाखला झाला. तेलुगू बोलणारी, मराठी मोडकंतोडकं. जाताना तिनं विचारलं, "घरी जेवन कोन करतंय?"

"मीच. बायको गेली माझी, एकोणीस साली."

ती काही म्हणाली नाही. पिशवीतून फडकं काढलं, त्यात चार कडक भाकरी आणि कागदाच्या पुडीत शेंगाचटणी होती, तिची स्वतःची दुपारची. त्यातल्या दोन भाकरी तिनं टेबलावर ठेवल्या, आधारच्या झेरॉक्सशेजारी. मी नको म्हणायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि ड्रॉवरमधून डबा काढला.